शामला मॅडमचा कडुनिंब

शामला मॅडम रिटायर झाल्या, पण शिकवणं काही सुटेना. प्रताप नगरातल्या आपल्या गल्लीतली पोरं रविवारी गोळा करायची, झाडापुढे उभी करायची आणि खोड वाजवायला लावायची. टरबूज घेताना वाजवतो ना, अगदी तसं. भरीव कुठं, पोकळ कुठं, ते कानानं ओळखायचं आणि जे कळलं तेच बोलायचं, असा त्यांचा दंडक. लोक म्हणत, बाईंना दुसरा उद्योग नाही. म्हणेनात का!

पण चौकातला जुना कडुनिंब पाडायचा अर्ज गेला आणि मॅडमची झोप उडाली. अर्ज रविंद्रजींचा, म्हणजे गल्लीच्या मंडळाच्या अध्यक्षांचा. वादळात झाड पोरांवर पडेल, हे त्यांचं म्हणणं. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. अन् घाबरट माणसाच्या हाती अर्ज म्हणजे माकडाच्या हाती कोलीत.

पाहणीला उद्यान विभागाचे साहेब आले. झाडाच्या बाजूनं बोलायला मॅडमनी सहावीतल्या भैरवीला पुढे केलं. पोरीनं सावली, पाखरं, सगळं धडाधड सांगितलं. साहेब खूश दिसले. मग सहज विचारलं, "झाड कुठे पोकळ आहे का गं?"

रस्त्याकडची खालची फांदी पोकळ होती, पोरांनीच शोधली होती. एक 'हो' निघाला की झाडावर आरा चाललाच. भैरवीनं मॅडमकडे पाहिलं. आणि मॅडमनी, दंडक घालणाऱ्या मॅडमनी, हळूच नकाराची मान हलवली.

पोरीनं नजर साहेबांकडे वळवली.

"हो सर," ती म्हणाली, "ते खालची फांदी पोकळ हाय."

"पाहा! मी काय म्हणून राहिलो होतो?" रविंद्रजी पुढे सरसावले.

"पण काका, तान्ह्या पोळ्याले आमच्या लाकडी बैलांसाठी तोरण बांधता, त्याचे खिळे दरसाल तिथंच ठोकता ना तुम्ही? तिथूनच सडून राहिली ते. खोड भरीव हाय. सर, तुम्हीच वाजवून पाहा."

साहेबांनी खोडाला कान लावला, चहूबाजूंनी ठोकून पाहिलं. मग साहेबांनी फांदीतले गंजलेले खिळे चाचपले, "फांदी काढू, झाड राहील," असं सांगितलं आणि निघाले. रविंद्रजी खिळ्यांकडे पाहत उभे राहिले.

गर्दी पांगल्यावर भैरवी जवळ आली. "मॅडम, तुम्ही मान काहून हलवली?"

कारणं पुष्कळ सुचली. मॅडमनी ती सगळी बाजूला सारली.

"भेव वाटलं वं मले, झाड जाईल म्हणून," मॅडम म्हणाल्या.

"मले बी वाटलं," भैरवी म्हणाली. "तुमचं."