दुसरा प्याला

"उद्याची भाकर तू करायची न्हाय," आमच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक म्हणाले.

शनिवारची संध्याकाळ होती. मी अंगणात ज्वारीचं पीठ चाळत बसले होते. येशूच्या आठवणीसाठी होणाऱ्या प्रभुभोजनाची भाकर गेली सहा वर्षं माझ्या हातची असायची. आंघोळ करून, मनात प्रार्थना म्हणत मी ती थापायची. पाळक ती मोडून सगळ्यांना वाटायचे. मनुका भिजवून काढलेला रस एकाच पितळी प्याल्यातून फिरायचा. महारवाड्यातल्या माणसाच्या ओठाचा प्याला मांगवाड्यातल्या माणसाच्या ओठाला लागायचा. आमच्या गावात असं दुसरीकडे कुठंच होत नव्हतं.

"का?" मी विचारलं.

"बापूराव बाप्तिस्मा घेत्यात उद्या. बायकापोरांसकट."

बापूराव गावातले वरच्या जातीचे मोठे शेतकरी. मोठ्या दुखण्यातून उठले आणि पाळकांकडे येऊ लागले, त्यांच्या घरचं पाणीही घेऊ लागले. त्यांच्यासाठी आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली होती. मीही गुडघे टेकले होते.

"मांगिणीच्या हातची नको, असं त्यांनी सांगितलं का?"

"सांगितलं न्हाय. सांगायची पाळीच येऊ द्यायची न्हाय आपण."

"आपण" म्हणाले. मला चप्पल मारल्यासारखं झालं.

हे पाळक बेंबळीकडच्या एका महारवाड्यात जन्मले होते. पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा आईनं भीत भीत पाणी पुढं केलं. ते पाणी प्यायले आणि त्यांनी भाकर मागून घेतली. मांगाच्या घरी जेवले म्हणून त्यांच्या भावकीनं त्यांना लग्नाच्या पंगतीतून उठवलं. तरी ते येत राहिले. म्हणायचे, "देवाला तुमचे उपास नकोत, नवस नकोत, सोवळं नको. येशूवर इस्वास ठिवा. तेवढ्यावर तारण हाय." निजामाच्या कचेरीत सगळा कारभार उर्दूत चालायचा आणि मला कुठलंच अक्षर येत नव्हतं. मराठी अक्षरं मला त्यांनी शिकवली. जन्मदात्या बापावर ठेवला नाही एवढा विश्वास मी त्या माणसावर ठेवला होता. म्हणून तर पाठीत सुरा बसल्यासारखं झालं.

रविवारी मी गेले. प्रार्थनेची खोली पत्र्याची. बापूरावांचं कुटुंब पुढं सतरंजीवर बसलं होतं. त्यांच्यामागं महारवाडा. आम्हा मांगांना दाराशी बसवलं. टेबलावर पाळकांच्या बायकोच्या हातची भाकर होती. पितळी प्याल्याशेजारी एक जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, पेला होता.

बाप्तिस्मा झाला. भाकर मोडली. पितळी प्याला पुढच्या ओळीतून निघाला आणि महारवाडा संपला तिथं थांबला. पाळकांनी तो टेबलावर परत ठेवला, जर्मनचा पेला उचलला आणि दाराकडे आले.

पहिली आई होती. तिनं दोन्ही हातांनी पेला घेतला आणि प्याली. ती रडली नाही, चिडली नाही. गावात जन्मभर वेगळ्या भांड्यातून पाणी प्यायलेली बाई ती. तिला यात नवीन काहीच नव्हतं. तिच्याकडे बघून माझ्या अंगाची आग झाली.

मग पेला माझ्यापुढं आला. मी हात पुढं केला नाही.

"पाळकसायेब, इस्वास ठिवला की पुरं, असं तुमीच सांगितलं. मग ह्यो दुसरा पेला कशापायी?"

ते हळू आवाजात म्हणाले, "नवी माणसं हायती. जरा दमानं घे. मंडळी वाढाय पायजे."

"आमाला दाराशी बसवून वाढवताव व्हय?"

बापूरावांनी मागं वळून बघितलं. पेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. विचारलं असतं तर त्यांनी माझ्या हातची भाकर खाल्ली असती का? मला माहीत नाही. त्यांना कुणी विचारलंच नाही.

"ह्यो मंडळीचा नेम हाय आता," पाळक म्हणाले. "पेला घे, न्हायतर भाईर हो."

मी उठले. माझ्यामागं कुणी आलं नाही. आईही आली नाही.

सलग चार रविवार मी गेले नाही, तेव्हा पाळक आमच्याकडे आले. पूर्वी विचारल्याशिवाय आत येऊन बसणारे, त्या दिवशी अंगणाच्या कडेला उभे राहिले.

"प्रभुभोजनाला आली न्हाईस तर मंडळीच्या यादीतनं नाव कमी हुईल," ते म्हणाले. "मेल्यावर आपल्या मसणवट्यात जागा मिळायची न्हाय."

मागं आई कावरीबावरी झाली. "पाया पड त्यांच्या," म्हणाली.

मी पाया पडले नाही. ज्यांच्यामुळं मी ताठ उभं राहायला शिकले, त्यांच्यासमोर ताठ उभी राहिले. म्हणाले,

"काढा नाव. मेल्यावर वढ्याकाठी पुरा, न्हायतर कुठंबी पुरा. येशूनं मला घेतलं तवा तुमचा नेम नव्हता. आता नेम आला म्हणून त्यो मला सोडायचा न्हाय."

ते अंगणाच्या कडेवरूनच परत गेले. त्या दिवसापासून मी त्या खोलीची पायरी चढले नाही. येशूला मी सोडलेलं नाही आणि कुणाच्या सांगण्यावरून सोडणारही नाही. रोज त्याच्याशी बोलते. पण दाराशी बसून वेगळ्या पेल्यातून त्याचं नाव घेणार नाही, मरेपर्यंत नाही. ज्या दिवशी प्याला एक होईल त्या दिवशी मी जाईन. कुणाची परवानगी मागणार नाही, आभारही मानणार नाही. सरळ पुढं जाऊन सतरंजीवर बसेन.