सोनाजीच्या सात फिल्मा

सोनाजी खिल्लारे आमच्या हिंगोलीच्या कॉलेजात रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होता, मी भौतिकशास्त्राचा. दोघांत मिळून वीज मोजायचा एकच मीटर, आणि त्यावरून मी त्याच्याशी कैक वेळा भांडलो, हे आधीच सांगून टाकतो.

त्याचा नाद जगावेगळा. विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी त्याला प्लास्टिकच्या एका जातीची भुकटी दिली होती, एकच बाटली. ती विरघळवून, त्यात लिथियमचा क्षार घालून, तो घट्ट रस काचेवर कांडीनं एकाच दिशेनं ओढायचा. वाळला की पातळ, ताठ फिल्म व्हायची. सोनाजीचं म्हणणं, ओढल्या दिशेनं लिथियमचे कण सुरळीत जातात, आडवे मात्र अडतात. मी हसलो. मग त्यानं मीटर लावून दाखवलं. ओढल्या दिशेनं, म्हणजे उभा, काटा आडव्याच्या तिप्पट हलला. त्या दिवसापासून मीटर त्याच्याकडेच राहिला.

१९७७च्या मे महिन्यात प्राध्यापक सहकुटुंब औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला निघाले होते. वाटेत तासभर थांबून फिल्मा बघतो, पटलं तर संशोधनाला घेतो, असं त्यांनी कळवलं. वस्तीतला पहिला बी.एस्सी. असलेला सोनाजी ते पत्र खिशात घेऊन फिरायचा. उरल्यासुरल्या भुकटीच्या त्यानं सात फिल्मा केल्या. या क्षाराला पाण्याची भारी हाव, म्हणून अकरा दिवस घराच्या पत्र्यावर कडक उन्हात वाळवल्या. त्या काचेला अशा चिकटल्या की पहिली सोडवतानाच पातं बोटात शिरलं. तो पट्टी बांधून परत आला, तर बायकोनं, जनकाबाईनं, सातही अखंड सोडवून ठेवलेल्या. कशा, हे विचारायचं त्याला सुचलंच नाही, इतका तो हरखला.

प्राध्यापक कॉलेजात आले. काटा उभा-आडवा सारखाच पळाला. दुसरी फिल्म, तिसरी, सातवी, सगळीकडे तेच.

"यात पाणी आहे," ते म्हणाले. "पाण्यातून कण सगळीकडं सारखेच पळतात."

अकरा दिवस वाळवल्याचं सोनाजीनं सांगितलं. त्यांनी त्याची आकड्यांची वही मिटली आणि मग आधीच्या आकड्यांचाही भरवसा नाही, असं म्हणून उठले. आधीचा काटा मी डोळ्यांनी पाहिला होता, पण साहेबांपुढं माझी दातखीळ बसली. त्याची लाज मला आजही वाटते.

मी त्याच्यासोबत घरी गेलो. काही विचारायच्या आतच जनकाबाई कौतुकानं सांगू लागली. ज्वारीच्या पापड्या कापडावर वाळल्या की पाठीमागून पाणी लावून सोडवतात ना, तसंच तिनं कडेकडेनं पाण्याचं बोट फिरवलं होतं. "एकबी फाटू देली न्हाई मी," ती म्हणाली.

"बराबर केलंस," सोनाजी तिला एवढंच म्हणाला. मला मात्र तिथं उभं राहवेना.

आठवड्यानं मी त्याला म्हटलं, खरं काय झालं ते साहेबांना लिही. तो ऐकेना. मी चिडलो, नको ते बोललो.

"काय लिहू?" तो म्हणाला. "एवढ्या मोठ्या माणसाच्या टेबलावर तिचं नाव पयल्यांदा जाणार, अन् ते चूक म्हणून?"

पत्र गेलं नाही. भुकटी पुन्हा मिळाली नाही. सोनाजी डेमॉन्स्ट्रेटर म्हणूनच निवृत्त झाला, आणि चार वर्षांनी गेला. जनकाबाई अजून भेटली की सांगते, त्या साहेबाला कामाची पारखच नव्हती.

मी म्हणतो, "व्हय, वहिनी."