निघण्याआधी गेलेल्या इंदुताई

सुलतान बाजारात कापडाच्या दुकानांमागं एक गल्ली आहे. इंदुताई त्या गल्लीत जन्मल्या आणि लग्न होऊन त्याच गल्लीत चार घरं पलीकडं गेल्या. सासर परभणीकडचं, पण नवरा हैदराबादेत नोकरीला, म्हणून बिऱ्हाड माहेरच्या हाकेवर. बायका अजून हसतात, "इंदूची वरात निघाली आणि घोडा वळायच्या आत पोचलीसुद्धा."

नवरा दिगंबरराव. सरकारी कचेरीत तरजुम्याचं, म्हणजे भाषांतराचं काम. आधी सगळं उर्दूत चालायचं, मग इंग्रजी आली. यांनी आयुष्यभर दुसऱ्याची एक भाषा दुसऱ्याच्याच दुसऱ्या भाषेत नेऊन ठेवली. गल्लीत त्यांना नावानं कोणी ओळखत नसे. इंदूचा नवरा म्हणत. ते कधी चुकून "का"ऐवजी परभणीकडचं "कामून" म्हणाले की इंदुताईंचे भाऊ तोच शब्द दिवसभर घोळवत. दिगंबरराव हसून घेत.

छपन्न साली राज्याचे वाटे झाले. तेलंगण इकडं राहिलं, मराठवाडा मुंबईकडं गेला, कानडी मुलूख म्हैसूरला. मुलखाबरोबर कारकुनांचेही वाटे पडले. दिगंबरराव परभणीचे, म्हणून मुंबईच्या वाट्याला आले.

"आणि मी?" इंदुताईंनी विचारलं.

"तू माझ्याबरोबर."

"मी परभणीची नाही. माझा वाटा कोणी काढला? अर्ज करा. इथंच राहतो म्हणावं."

दिगंबररावांनी अर्ज केला. बायकोचं हैदराबाद सुटू नये, हे एकच कारण त्यात नव्हतं. बाकी सगळी कारणं होती. त्याचं उत्तर येईना आणि मुंबईला रुजू व्हायची तारीखही ठरेना. आज निघायचं, उद्या निघायचं, असं चाललं. इंदुताई रोज देवापुढं एकच मागत. हे शहर सुटू नये.

संक्रांत झाल्यावर गुरुजी म्हणाले, पश्चिमेला जायला एवढा दिवस चांगला आहे, पुढं बरेच दिवस नाही. माणूस निघत नसेल तर प्रस्थान ठेवा. म्हणजे निघणाऱ्याची एखादी जिवाची वस्तू सुपारी-हळकुंडासह फडक्यात बांधायची, मुहूर्तावर घराबाहेर काढायची आणि दुसऱ्याच्या घरी ठेवायची. प्रवास सुरू झाला असं धरतात. मग खरं निघताना वाटेत ती उचलायची. एकच पथ्य. बाहेर पडलेलं प्रस्थान परत घरात आणायचं नाही.

जायचं तर नव्हतं. पण जावंच लागलं तर निदान वाईट वेळेला नको, म्हणून इंदुताईंनी आपला अडकित्ता बांधला. आईचा होता. पितळेचा, मोराच्या तोंडाचा. जेवण झालं की हात आपोआप त्याच्याकडं जायचा. तो फडक्यात गेला आणि शेजारच्या केशवराव वकिलांच्या घरी कोनाड्यात जाऊन बसला.

केशवरावांची लेक रजनी साहित्य घेऊन बी. ए. झालेली. दुपारी जेवणं आटोपली की इंदुताईंचा हात अडकित्ता शोधायचा, मग आठवण व्हायची, मग त्या उठून वकिलांकडं जायच्या आणि कोनाड्यासमोर बसून राहायच्या. रजनीला गंमत वाटे.

"ताई, स्वतःच्याच प्रस्थानाला भेटायला येणारी बाई मी पहिल्यांदा बघतेय."

"तू शिकव मला इंग्रजी. नुसतं बसून काय करू? मुंबईला लागतं म्हणे."

"जायचं नाही ना तुम्हाला?"

"नाहीच जायचं. शिकव."

अशी शिकवणी सुरू झाली. बरेच शब्द या कानानं आले, त्या कानानं गेले. एक मात्र अडकला. ऑलरेडी.

"म्हणजे आधीच," रजनी म्हणाली.

"आधीच म्हणजे तक्रार की गं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास."

"तक्रार नसली तरी चालतं. मी विचारलं, चहा टाकू? तुम्ही म्हणायचं, घेतला ऑलरेडी."

"म्हणजे मघाशीच."

"हं. आणि समजा, भाऊजी पानावर बसले न बसले तोच उठले. तर नुसतं विचारायचं, ऑलरेडी?"

"म्हणजे इतक्यात! तेही यातच?" इंदुताई खूश झाल्या. "तक्रारही करतो, नवलही करतो. बाईमाणसाचा शब्द आहे."

रजनी म्हणाली, "खरं तर असं आहे ताई. एखादी गोष्ट अजून व्हायचीय असं आपण धरून बसलेलो असतो. आणि बघतो तर ती होऊन गेलेली असते. तिथं हा शब्द येतो."

इंदुताईंनी कोनाड्याकडं पाहिलं.

प्रस्थानाला मुदत असते. काही दिवस गेले की ते विरतं. मुदत संपली, हुकूम आला नाही, अर्जाचंही काही कळलं नाही. परत आणायचं नाही, तिथंच ठेवून चालायचं नाही. गुरुजींनी तोड काढली. पुढं सरकवा. दुसऱ्या घरी न्या, पण निघायच्या दिशेनं. मुंबईची गाडी काचीगुड्याहून सुटायची. तेव्हा बोचकं वकिलांकडून निघालं आणि काचीगुड्याच्या वाटेवर पहिल्या वळणाशी राहणाऱ्या एका मास्तरांकडं गेलं. तिथली मुदत संपल्यावर आणखी पुढं, नामदेवराव सोनारांच्या माडीवर. होळीपर्यंत अडकित्त्यानं सुलतान बाजार सोडला होता.

इंदुताई रोज दुपारी त्याच्या मागं जात. आधी चार पावलं, मग गल्लीभर, मग दोन चौक. सोबत बहुधा रजनी. शिकवणी रस्त्यातच व्हायची.

या रस्त्यानं इंदुताई जन्मभर हिंडल्या होत्या, पण हातात पिशवी आणि डोक्यात भाजी. आता घ्यायचं काही नव्हतं. जाणारी बाई साठवण करत नाही. तिखट कुटलं नाही, वाळवणं घातली नाहीत, भिंतीला चुना लावला नाही. हात रिकामे होते आणि डोळेही. त्यांना रंगाऱ्याच्या दोरीवरची ओली लुगडी दिसली. त्यांतून ऊन गाळून खाली येत होतं आणि खालचं कुत्रं आधी गुलाबी, मग हिरवं होत होतं. कापडवाला दातानं कड तोडून मग ठाण फाडतो हे दिसलं. जुन्या ब्रिटिश रेसिडेन्सीच्या मोठ्या झाडांवर संध्याकाळी घारी उतरताना दिसल्या, अगदी सावकाश, कोणीतरी वरून एकेक सोडत असल्यासारख्या. सगळं होतं तिथंच होतं. पण ते आत्ताचं वाटत नव्हतं. कुठंतरी लांब, पुष्कळ वर्षांनी, दुपारी डोळा लागावा आणि आठवावं, तसं ते दिसत होतं. आणि आठवणीतल्यासारखंच त्यात कुणी त्यांना हाक मारत नव्हतं.

हाक मारली ती बांगड्यावाल्या मेहबूबबीनं.

"क्या बाई! आप तो परसों गए बोले!"

"मी नाही गेले. माझं बोचकं गेलं."

"हौ? तो ये कौन खडी है?" मेहबूबबी रजनीकडं बघून हसली. "चलो, गए सो लोगां को भी चूड़ियां होना." गेलेल्या माणसांनाही बांगड्या हव्यातच, असं तिचं म्हणणं.

हैदराबादेत परसों म्हणजे परवा नव्हे. परवापासून निजामाच्या आजोबापर्यंत मागचं सगळं परसों. इंदुताईंना हे आजवर कधी खटकलं नव्हतं. त्या दिवशी हातात बांगड्या चढत असताना त्यांना वाटलं, आपण खरंच परसों गेलो असू.

गल्लीनं तर त्यांना घालवलंच होतं. संक्रांतीनंतर घरोघरी बोलावून ओट्या भरल्या, पुरणं घातली, डोळे पुसले. आणि बाई तर नळावर! पहिल्यांदा सगळ्या हसल्या. मग अवघडल्या. मग सवय झाली. नळावरची त्यांची जागा सावित्रीबाईंच्या हंड्यानं घेतली. कोणी मुद्दाम घेतली नाही. जागा होती, हंडा सरकला.

गुरुवारच्या भजनाला एकदा त्यांना उशीर झाला. दत्ताच्या देवळात त्या मागं, चपलांजवळ बसल्या. पहिला अभंग उचलायचा मान त्यांचा. कोणी थांबलं नाही. शांता नावाच्या कोवळ्या सुनेनं तो उचलला, एक पट्टी खाली. आता रडू येईल म्हणून इंदुताई वाट बघत बसल्या. आलं नाही. त्या पट्टीत अभंग जास्त मोकळा वाटत होता. टाळ बरोबर पडत होते. समई जळत होती. त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या आणि त्यांना कळलं, आपण नसताना असं असतं. बरं असतं.

घरी आल्या तर दिगंबरराव आरशासमोर रेनकोट घालून उभे. बाहेर चैत्राचं ऊन.

"हे काय सोंग?"

"मुंबईला लागतो म्हणे." ते ओशाळले. "आबिद रोडला स्वस्तात मिळाला. जावं लागलं तर असावा. नाही लागलं तर..."

"तर काय, हैदराबादेत अंघोळीला घालणार?"

ते हसले. पण लगेच काढला नाही. खिशात हात घालून पाहिले, कॉलर वर केली, बाजूला वळून पाठ कशी दिसते ते पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाला आरशात पाठ बघताना इंदुताईंनी पाहिलं नव्हतं. त्या दारातच थांबल्या. मग एकेक आठवायला लागलं. सकाळी दाढी करताना ते स्टेशनांची नावं म्हणायचे, मनमाड, नाशिक, कल्याण, स्तोत्रासारखी. ट्रंकेच्या कुलपाला तेल घालून ठेवलं होतं. परवा जेवताना कधी नव्हे ते बोलले होते. तिथं म्हणे पुढं कचेरीत मराठी येणार. आपण लिहायचं आणि ते तसंच वर जायचं, तरजुमा नाही. इंदुताईंनी वाढता वाढता ऐकलं होतं, म्हणजे ऐकलं नव्हतं.

आंबे बाजारात आले तेव्हा प्रस्थान काचीगुड्याला, स्टेशनाजवळ राहणाऱ्या ओळखीच्या मालनबाईंच्या घरी होतं. खिडकीतून इंजिनाची शिट्टी ऐकू यायची. त्याच आठवड्यात अर्ज मंजूर झाला. दिगंबररावांनी हैदराबादेतच राहावं.

ते मोअज्जमजाही मार्केटातून आंब्यांची करंडी घेऊन आले. दारातून ओरडले, "अगं, राहिलो आपण!" गल्लीला ऐकू गेलं. वकिलांकडून रजनी धावत आली. सावित्रीबाईंनी खिडकीतूनच हात जोडले. इंदुताई करंडी उतरवून घेत होत्या. जन्मभर हेच मागितलं होतं, आणि ते दारात आलं होतं, पिकल्या वासासकट.

दिगंबरराव आत गेले. इंदुताईंनी फटीतून पाहिलं. खुंटीवरचा रेनकोट त्यांनी काढला, खाटेवर पसरला, हातानं सारखा केला. बाह्या आत घेतल्या. लहान मुलाच्या झबल्याची करावी तशी घडी केली आणि स्टुलावर चढून माळ्यावर, पार मागं सरकवला. उतरले. धोतराला हात पुसले. चेहरा नीट करून बाहेर आले आणि म्हणाले, "खूश ना?"

"तुम्ही?"

"मला काय, कुठंही भात-वरण."

"माझ्याकडं बघून सांगा."

ते आंब्यांकडं बघत राहिले.

"तुम्हाला जायचं होतं," इंदुताई म्हणाल्या.

"अगं, मंजूर झालंय. आता कामून..." शब्द निसटला तसे ते थांबले, सवयीनं दाराकडं पाहिलं, कोणी हसतंय का म्हणून.

इंदुताई खाली बसल्या. पुष्कळ चालून आलेल्या माणसासारख्या.

"उद्या कचेरीत जा आणि सांगा, आम्ही मुंबईला जातो."

रजनी उभीच्या उभी राहिली. दिगंबरराव म्हणाले, "हौली झालीस का? खुळ्यासारखं काय बोलतेस? वर्ष काढलंस रडून."

"हो, काढलं."

"हे शहर सुटलं तर जगणार नाही म्हणालीस."

"म्हणाले होते. तुमच्या त्या गुरुजींनी मला चार महिने गल्लीबोळांतून फिरवलं. मी नसले की हे कसं दिसतं ते बघून आले." त्या थोडं हसल्या. "छान दिसतं हो. काही अडत नाही. आणि तुम्ही वीस वर्षं माझ्या गल्लीत पाहुण्यासारखे राहिलात, ते मात्र मी कधी बघितलं नाही."

दिगंबरराव मोरीत गेले आणि पुष्कळ वेळ तोंड धूत राहिले.

"ताई," रजनी डोळे पुसत म्हणाली. "लोकं म्हणतील प्रस्थान परत आणायला भ्यायल्या."

"म्हणू देत. सांगायला तेच कारण सोपं आहे."

"मला नाही कळत. तुम्ही एवढं प्रेम करता या गावावर."

"करते ना. ते कुठं जातंय?" इंदुताईंनी करंडीतला गवतात दडलेला आंबा काढला, हुंगला आणि तिच्या हातात दिला. "खा. रडू नकोस, हात चिकट होतात."

मोरीतून दिगंबररावांचा आवाज आला.

"दादरला बघायची जागा की गिरगावात?"

"पाणी कुठं बरं येतं ते आधी विचारा," इंदुताई म्हणाल्या. "आणि माळ्यावर काय चढवलंत ते खाली काढा. तिथं झुरळं आहेत."