समुद्रात कसला परदेश?

लेकीच्या बाळंतपणाला परदेशी जायचं, म्हणून आम्ही नवरा-बायको बोईसरच्या सायबर कॅफेत व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म भरत होतो. 'परदेशात कधी अटक झाली?' मी ऐटीत 'नाही' निवडलं.

"बोट हद्दीपलीकडं गेली, चार महिने तुमी तुरुंगात होता, ते?" बायको म्हणाली.

"मासळीमागं गेलेलो. समुद्रात कसला परदेश?"

"तुरुंग तरी समुद्रात नाय ना होता?"

खरं लिहिलं तर व्हिसा नाकारतील. खोटं सापडलं तर पुढचेही दरवाजे बंद, नातवंड फोनवरच बघायचं. मी 'होय' निवडलं, सुटकेचा कागद जोडला. 'सबमिट' दाबताना तेव्हा आम्हाला पकडणारी गस्तीची बोट डोळ्यांसमोर आली. बायकोनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. मी परत 'नाही'वर जाईन, ही तिची धास्ती.