उलट्या पायांची बिस्किटं

आमच्या परभणीकडं ‘का’ला ‘कामून’ म्हणतात. कामून आलास, कामून रडायलीस, कामून जेवला न्हाईस. यात हसण्यासारखं काय आहे, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

चिखलीतल्या आमच्या सोसायटीच्या पोरींना मात्र लगेच कळलं. महाळुंग्यातली एक खोली सोडून आम्ही इथं दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहायला आलो, तेव्हा लेक नऊ वर्षांची होती. पहिल्याच आठवड्यात खाली पकडापकडी खेळताना ती म्हणाली, ‘माझ्यावरच राज्य कामून?’ झालं! तेव्हापासून तिचं नावच ‘कामून’ पडलं. ए कामून, बॉल दे. कामून आली रे, पळा. पोरीनं महिनाभर सोसलं, मग खाली जाणंच बंद केलं. गॅलरीच्या जाळीला नाक लावून इतरांचा खेळ बघत बसायची. आणि वर मलाच शिकवायची, ‘आई, नुसतं का म्हण ना. कामून काय, गावठी!’

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण खरा घोर वेगळाच होता. दिवसभर प्रश्न विचारून डोकं खाणारी माझी पोरगी, तिनं विचारणंच सोडलं. ‘का’ तिच्या तोंडात बसत नव्हतं आणि ‘कामून’ची लाज वाटत होती. काहीही सांगा, नुसती मान हलवायची. शाळेतल्या बाई म्हणाल्या, किती शांत मुलगी आहे हो तुमची. मला नको होती शांत मुलगी. मला माझ्या पोरीचा प्रश्न परत पाहिजे होता.

आणि गंमत बघा, मी कंपनीत क्वालिटीला आहे. पार्ट रिजेक्ट झाला की आम्हाला एक कागद भरावा लागतो, त्यावर एकाखाली एक पाच वेळा ‘का’ लिहिलेलं असतं. भोक तिरकं पडलं. का? पार्ट हलला. का? पकड सैल होती. असं खाली खाली उतरत मूळ शोधायचं. म्हणजे मला पगारच ‘कामून’ विचारायचा मिळतो, आणि माझ्याच घरात त्या शब्दाला बंदी!

ऑक्टोबरात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. मुलांची हॅलोविन पार्टी, प्रत्येक घरातून एक पदार्थ, खाली यादी. ‘भुताच्या कुकीज’समोर आमचा फ्लॅट नंबर! लेकीनंच माझ्या फोनवरून टाकला होता.

‘अगं बाई, आपल्याकडं ओव्हन तरी आहे का?’

ती नखं कुरतडत बसली. तेवढ्यात पार्टीचं बघणाऱ्या मॅडमचा मेसेज आला. ‘ताई, जमत नसेल तर बेकरीतून आणा. घरचं म्हणजे हायजीनचं जरा बघावं लागतं.’ आणि पुढं हात जोडल्याचं चित्र.

बस्स! आता तर मी घरीच करणार होते. हायजीन म्हणे. माझ्या ओट्यावर भात सांडला तर उचलून खावा, एवढा लख्ख असतो.

नवरा चिखलीतच पत्र्याच्या कामाला जातो. त्याला म्हटलं, अहो, भुताचा साचा करून आणा. लेकीनं फोनवरची चित्रं त्याला दाखवली. त्यानं लांब धरून, जवळ धरून बघितलं आणि म्हणाला, ‘हे भूत आहे? हा तर उशीचा अभ्रा आहे.’

दुसऱ्या दिवशी स्टीलची पट्टी वाकवून, कडा घासून गुळगुळीत करून साचा आणला. बघते तर भुताला पाय! दोन्ही पंजे डावीकडं वळलेले.

‘पाय कामून काढले?’ मी विचारलं.

‘भूत म्हणल्यावर पाय नकोत का? तोंड तुम्ही उजवीकडं काढा. म्हणजे पाय उलटे होतेत. पाय उलटे नसले तर माणसानं भूत ओळखायचं कसं?’

लेक खुदकन हसली. किती दिवसांनी हसली म्हणून सांगू.

कुकरची शिट्टी आणि रबर काढलं, तळाला मीठ पसरलं, वर जाळी, जाळीवर ताटली. माप धरलं नानकटाईचं. पहिली खेप उघडली तर भुतं पसरून एकमेकांच्या गळ्यात पडलेली, पाय कुणाचे कुठं! लेकीचे डोळे भरून आले. म्हटलं, रडायचं नाही, वही आण. आपण कागद भरू.

‘पाय बिघडले. कामून?’ मी मुद्दाम मोठ्यानं विचारलं.

‘पीठ पसरलं,’ ती पुटपुटली.

‘कामून पसरलं?’

‘तूप लई झालं.’

‘तूप लई कामून झालं?’

‘तू नानकटाईचं घेतलंस म्हणून.’

‘आणि नानकटाईचंच कामून घेतलं?’

‘तुला दुसरं येतच नाही म्हणून!’

खरं होतं, काय करता! चौथ्याच ‘कामून’ला मूळ सापडलं. तूप कमी केलं, मूठभर तांदळाची पिठी घातली, साच्यानं कापलेली भुतं ताटलीसकट फ्रीजरमध्ये ठेवली आणि गार झाल्यावरच कुकरात सोडली. दुसरी खेप जराशी पसरलीच, तिसऱ्या खेपेला पाय शाबूत निघाले. उत्तरं सगळी पोरीनं दिली, पण प्रश्न एकही विचारला नाही. माझ्या ते लक्षात होतं.

पिठीसाखर दुधात घट्ट कालवली आणि मेंदीसारखा कोन करून त्यात भरली. पांढरं अंग, डोळ्यांना काळे तीळ, नजर उजवीकडं, पाय डावीकडं. लेकीचा हात माझ्याहून बरा चालला. एकीला तिनं मोकळे केस काढून हडळ केलं आणि वर कपाळावर टिकली लावली. चार भुतं मी रिजेक्ट केली, ती नवऱ्यानं उभ्या उभ्या खाल्ली.

शनिवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये कापसाची जाळी, प्लॅस्टिकचे भोपळे, मधोमध टेबल. मॅडमच्या डोक्यावर टोकदार काळी टोपी. लेकीनं ताट ठेवलं. मॅडमनी एक बिस्किट उचललं, निरखलं आणि गोड आवाजात म्हणाल्या, ‘अगं बेटा, घोस्टला पाय नसतात. आणि हे तर उलटे लागलेत, चुकलंय. असं करू, पाय तेवढे मोडून टाकू. मग छान दिसतील.’ आणि कट्‌कन मोडलेसुद्धा!

माझं डोकंच फिरलं. पदर खोचला आणि निघाले पुढं. आज काय व्हायचं ते होऊ दे, सोडावा लागला तर फ्लॅट सोडू, पण या बाईला ऐकवल्याशिवाय राहणार नाही. दोन पावलं टाकली असतील नसतील.

‘कामून?’

माझी लेक. खणखणीत.

सगळी पोरं वळून बघायला लागली. मॅडम म्हणाल्या, ‘काय म्हणालीस?’

‘कामून मोडायलाव? माझ्या बाबांनी केलेत ते पाय. आमच्या भुताला पाय असतेत आणि ते उलटेच असतेत.’ ती तेवढ्यावर थांबली नाही. ‘तुमच्या भुताला पाय कामून न्हाईत?’

मॅडमनी टोपी सारखी केली. ‘अगं, म्हणजे... तसंच असतं ना ते.’

‘तसंच असतं’ असं लिहून आलेला कागद मी कंपनीत सही न करता परत पाठवते. तिथं मात्र खोचलेला पदर सोडला आणि दोन पावलं मागं आले.

एका पोरीनं हळूच हडळ उचलली आणि विचारलं, पाय उलटे तर ही चालते कशी? लेकीनं चालून दाखवलं. थोड्या वेळात अख्खी पलटण पार्किंगभर उलटं चालत एकमेकांवर आदळायला लागली. ताट रिकामं झालं. मॅडमनीही शेवटी एक खाल्लं. चव चांगली आहे म्हणाल्या. म्हणणारच!

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरची पोरगी, ते नाव पाडणारी हीच.

‘आंटी, कामून आहे का घरी?’

माझी सटकली. एवढे महिने या पोरीसाठी जपून ठेवलेलं उत्तर जिभेवर तयारच होतं. तोंड उघडणार, तोच आतून चपला शोधत शोधत आवाज आला,

‘हाय की! कामून?’