फोकसखालची दादर

मंजुळाबाईशी भांडण काढायचं तर आधी तिच्या हातात काय आहे ते बघून घ्यावं, एवढं दोंडाईच्याच्या अलीकडच्या त्या गावात शेंबडं पोरही जाणून आहे. विळा असेल तर दोन पावलं मागे. पावडी, म्हणजे फावडं, असेल तर बांधाच्या पलीकडे. आणि गोफण असेल तर गुमान घरी जावं, जेवावं, भांडण उद्यावर टाकावं.

हा हात तिने माहेराहून आणला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गौराई घेऊन पोरी नदीवर जायच्या. समोरच्या काठावर समोरच्या गावच्या पोरी. आधी गाणी, मग गाण्यांतून शिव्या, एकमेकींच्या बापाचा, भावाचा, अजून न झालेल्या नवऱ्याचा उद्धार, आणि शिव्या आटल्या की गोटे. रीतच ती. त्या दिवशी फुटलेल्या डोक्याची तक्रार कोणी करत नसे. हळद दाबायची आणि सांजोऱ्या खायच्या. मंजुळाने हात उगारला की समोरची अख्खी रांग मटकन खाली बसायची.

लग्न होऊन ती हिलालच्या घरी आली. हिलाल कामाला बरा, पण दारू पोटात गेली की हात सैल. पहिली काही वर्षं तिने मार खाल्ला. एका संध्याकाळी त्याने तिचं डोकं चुलीच्या ओट्यावर आपटलं. ती उठली, पदराने रक्त पुसलं, कोपऱ्यातलं मुसळ उचललं आणि त्याच्या खांद्यावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज शेजारच्या गल्लीत ऐकू गेला म्हणतात. हिलाल गळ्यात हात बांधून फिरत राहिला. कोणी विचारलं तर सांगायचा, "बैलनी लात मारी." त्यानंतर तो मरेपर्यंत दोघांचा संसार मोठ्या गोडीत चालला.

तो गेला तोवर पोरगी पुनम सुरतेला नांदत होती. मंजुळाबाई गावातलं घर बंद करून वावरातल्या पत्र्याच्या खोलीत राहायला आली. एक म्हैस, बांधावरचा निंब, आणि काळ्या जमिनीतली दादर. दादर म्हणजे रब्बीची ज्वारी. पावसाळा सरता सरता जमिनीतल्या ओलीवर पेरायची. ती थंडीत निसवते, म्हणजे कणीस बाहेर टाकते, आणि दवावर पोसते. मंजुळाबाईची वर्षाची भाकर तिचीच, म्हशीचा कडबा तिचाच, आणि सुरतेला पुनमच्या घरी जाणारं धान्यही तेच. गव्हाची पोळी तिला कागद चावल्यासारखी लागते. कोणी म्हणालं, आता वय झालं, वावर बटाईने दे, तर ती म्हणे, "मंग मी काय खाऊ? तुमनं तोंड?"

बांधापलीकडे अमृत. हिलालच्या थोरल्या भावाचा पोरगा. वाटणी झाल्यापासून दोन्ही घरांचं बोलणं बांधावरूनच चालायचं, आणि शिव्यांतूनच. यंदा अमृतने मका लावला आणि रानडुकरांनी निम्मा लोळवला. एकदा काठी घेऊन आडवा गेला तर डुकराने त्याची मांडी उभी फाडली. टाके घालून आला आणि वावरातल्या घराच्या गच्चीवर लोखंडी खांब ठोकून त्याने एलईडीचा भलामोठा फोकस बसवला. अंधार पडला की लागायचा, उजाडलं की विझायचा. मक्याचं पानन् पान पांढरं दिसे. मका संपला की उजेड बांध ओलांडून मंजुळाबाईच्या दादरीत शिरे, तिथून तिच्या खोलीत. पत्र्याच्या भोकांतून अंथरुणावर पांढरे डाग पडत. ती तोंडावर गोधडी ओढी, अमृतच्या सात पिढ्या मोजी आणि झोपी जाई. उजेडासाठी कोणाचं डोकं फोडावं, असं तिला तोवर वाटलं नव्हतं.

थंडी पडली. शिवारातली सगळी दादर निसवली, कणसं डोलू लागली. मंजुळाबाईची मात्र बांधाकडची अर्धी नुसतीच हिरवीगार. माणूस बुडेल एवढी उंच, आणि कणीस नाही. तिने दादरीचं एक ताट मोडून सोललं. आत नुसत्या पानांचा कोवळा पोंगा. दुसरं मोडलं, तिसरं मोडलं. सगळी वांझ.

भाऊबंदाच्या पिकावर चोरून औषध मारणं त्या शिवारात नवं नव्हतं. पीक पिवळं पडलं नव्हतं हे खरं, पण हल्ली औषधंही नाना तऱ्हेची निघालीत. मंजुळाबाईला पुरावा लागत नसे. तिने पावडी उचलली.

अमृत बांधाजवळच होता.

"काय मारं रे मनी दादरवर?"

"सकाय सकाय काय बोली राहिनी काकू? मी काबर मारसू?"

"बांधकडली बठ्ठी वांझ करी टाकी तुनी! तुना बापनी बांध कोरा, आते तू पीक कोरस!"

बापाचं नाव निघालं तसा अमृत बांधावर चढला. त्याने तोंड उघडायच्या आत तिने पावडीचा दांडा त्याच्या मांडीवर, टाक्यांवरच हाणला. तो गुरासारखा ओरडला. पांढरा पायजमा लाल झाला. त्याने तिचे केस धरून तिला ढेकळांत आपटलं आणि बरगडीत लाथ घातली. तिने तोच पाय पकडून पोटरीत दात रोवले. अमृतची बायको लताबाई धावत आली, तिने दोघांवर पाण्याची बादली ओतली, तेव्हा कुठे सुटले. मंजुळाबाईच्या तोंडातून रक्त आणि एक दात पडला. तिने तो उचलला आणि अमृतच्या अंगावर फेकला.

"हाऊ बी पेर तुना मकामा!"

त्याच दिवशी दिवेलागणीला ती म्हशीची धार काढून, बरगडी धरून दारात टेकली होती. फोकस लागला. निंबाची सावली फांद्यांसकट दादरीत आडवी पडली. मंजुळाबाई बघतच राहिली. सावली पडली होती तेवढ्याच जागेत कणसं उभी होती. बांधाकडच्या पट्ट्यात सावलीबाहेर एक नाही.

ती उठली आणि सावलीच्या कडेने चालत गेली. कडेच्या आत हात घातला की कणीस. बाहेर घातला की पोंगा. खोलीच्या मागे गेली. तिथेही खोलीच्या सावलीएवढी दादर निसवलेली, कापून ठेवल्यासारखी. थंडीतली लांब काळोखी रात्र अंगावर घेतल्याशिवाय दादरीच्या पोटात कणीस धरत नाही. या पट्ट्याला रात्र मिळालीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती अमृतकडे गेली. रिकाम्या हातांनी. लताबाईने तरी तिच्या पदराखाली बघून घेतलं.

अमृत खाटेवर पाय लांब करून पडला होता. उसवलेले टाके पुन्हा घातले होते.

"चुकनी रे मी," मंजुळाबाई म्हणाली. सूनबाई असतानाही सासऱ्याला ती असं म्हणाली नव्हती. "तू काही मारं नही. तुना फोकसनी करं हाई. थोडा दिन त्यानं तोंड खाले कर. दादर निसवी जाऊ दे, मंग बठ्ठी रात लाव."

अमृत हसला. "उजेडमा पीक वाढस काकू. वांझ कसं व्हई? मना मका दख."

"मका येगळा, दादर येगळी. चाल, दखाडस तुले. निंबना सावलीमा कणसं शेतस."

"कसा चालू?" त्याने मांडीवरची पट्टी दाखवली. "हाई कोणी करं?"

ती खाटेजवळ खाली बसली.

"आनि डुकरं उनात तं? तू येशी हाकलाले?"

"येसू. तुना वावरमा माळा बांध. मी गोफण लिसन रातभर बससू."

हे ती मनापासून बोलली होती. लताबाईने नवऱ्याकडे पाहिलंही, की हो म्हण. पण अमृतची पोटरी अजून ठणकत होती.

"तू? मना वावरमा?" तो म्हणाला. "त्यापेक्षा माले डुक्कर परवडी!"

संध्याकाळी गच्चीवर दोन फोकस लागले. नवा सरळ मंजुळाबाईच्या दाराकडे तोंड करून होता, आणि आता निंबाची सावलीही राहिली नव्हती.

मंजुळाबाईने भाकर खाल्ली. हात धुतले. खुंटीवरची गोफण काढली, ओच्यात नदीतले गोटे घेतले आणि पाखरं राखायच्या माळ्यावर चढली. गोफण डोक्याभोवती फिरली, सुटली, फटाक्यासारखी वाजली. नवा फोकस फुटला. काचा गच्चीवरून लताबाईच्या तुळशीत सांडल्या. दुसऱ्या गोट्याने जुना गेला. सगळं शिवार एकदम काळं झालं, आणि मक्याच्या पलीकडे कुठेतरी डुकरांची चाहूल लागली.

अमृत लंगडत बाहेर आला. एका हातात कुऱ्हाड, एका हातात बॅटरी.

"कोणता हात तोडू, सांग रांडे!"

"वर ये. मंग सांगस."

त्याने कुऱ्हाड माळ्याच्या खांबावर घातली. माळा हादरला. दुसरा घाव पडला तसा एक खांब कलला आणि मंजुळाबाई गुडघ्यावर आली. त्याने बॅटरी वर करून तिच्या तोंडावर धरली, अगदी आपल्या गालाशी टेकवून, नेम धरावा तशी. तिला पांढऱ्या उजेडाशिवाय काही दिसेना. तिने त्या उजेडावर गोटा सोडला.

बॅटरी फुटली. अमृतचा डावा डोळाही फुटला. तो कुऱ्हाडीवरच पडला असता, थोडक्यात बाजूला पडला. लताबाई येईपर्यंत तो दोन्ही हातांनी तोंड धरून दादरीत लोळत होता आणि त्याच्या बोटांतून रक्त गळत होतं.

"मी बॅटरीले मारं," एवढंच मंजुळाबाईने फौजदाराला सांगितलं. पण तिचा नेम चुकत नाही, हे गावाने फौजदाराला आधीच सांगून ठेवलं होतं.

गोफण पोलिसांनी लाखेचं सील मारून नेली. मंजुळाबाईला धुळ्याच्या तुरुंगात नेलं. पुनम सुरतेहून आली, म्हैस सोयऱ्यांकडे बांधून गेली, वकील बघून गेली. मधल्या काळात अमृतचा मका डुकरांनी साफ केला. फोकस पुन्हा बसला नाही. उरलेल्या डोळ्याला उजेड सोसेना. घरातल्या साध्या बल्बखालीही तो काळा चष्मा लावून बसे.

जामीन होऊन मंजुळाबाई परतली तेव्हा बांधाकडचा पट्टा निसवून दाण्यावर आला होता. अंधार मिळाला, दादरीने आपलं काम केलं. पण शिवारातली बाकी दादर केव्हाच खळ्यावर गेली होती. उभी होती ती हीच. शिवारातली झाडून सगळी पाखरं तिच्यावर उतरली. कणसागणिक चार चार चिमण्या.

ती डबा वाजवत धावली. पाखरं एका टोकाला उठून दुसऱ्या टोकाला बसली. ती तिकडे धावली. बरगडी अजून दुखत होती.

बांधावर अमृत काळा चष्मा लावून बसला होता.

"चिड्या बठ्ठं खाई राहिन्यात काकू!" तो आनंदाने ओरडला. "गोफण कोठे शे तुनी?"

"फौजदारना घर."

"मंग फौजदारले बलाव ना माळावर!"

मंजुळाबाईने डबा टाकला. लुगड्याचा काठ दातात धरून टरकन फाडला. मध्ये पीळ सोडून घडी केली, एका टोकाला फास करून बोटात घातला, खाली वाकून गोटा उचलला. पट्टी डोक्याभोवती फिरू लागली.

अमृतने एका डोळ्याने ते पाहिलं आणि बांधापलीकडे पालथा पडला. चष्मा ढेकळांत उडाला.

फट् करून आवाज झाला. दादरीतून पाखरांचा लोट उठला आणि नदीकडे गेला.

"ऊठ रे," मंजुळाबाई दुसरा गोटा शोधत म्हणाली. "मी चिड्यासले मारं."

बांधामागून मातीत तोंड घातलेला आवाज आला.

"आजून मारशी का?"

"दादर घरमा येत नही तवलोंग."

अमृत तिथेच पडून राहिला.