सिनेटर आमच्या चाळीत आला होता

"परबांकडे अमेरिकेहून बाई येतेय. भाऊंना न्याय..."

एवढंच ऐकलं आणि माझ्या कुकरने शिटी दिली! गॅस बंद करून गॅलरीत येईपर्यंत बोलणाऱ्या दोघी जिना उतरून गेल्या होत्या. अर्धी बातमी म्हणजे अर्धा चहा. धड चव लागत नाही, धड सोडवत नाही. घोडपदेवात मला भोचक म्हणतात, म्हणू देत. एका भिंतीपलीकडे तीस वर्षं राहिलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, शेजारच्यांचे वाळत घातलेले कपडे उडून यावेत तसे आपल्याच दोरीवर येऊन बसतात. भाऊ परबांचे तर माझ्याकडे गाठोडंभर आहेत. सगळे एका अमेरिकन पुढाऱ्याचे!

हा पुढारी तिकडचा सिनेटर, म्हणजे आपल्या खासदारासारखा. टंचाईच्या काळात आपल्याकडे रेशनवर अमेरिकेचा गहू यायचा, त्यासाठी हा तिकडे भांडला म्हणे. पुढे राष्ट्राध्यक्षपदाला तीनदा उभा राहिला, तीनदा पडला. नाव लांबलचक, आमच्या कोणाच्या जिभेवर बसत नाही. म्हणून नुसताच सिनेटर. आणि भाऊंचं म्हणणं असं, की पाठवलेला गहू कुठे जातो ते बघायला तो मुंबईत आला, तेव्हा त्यांच्या खोलीत येऊन गेला. भाऊ तेव्हा एकोणीस वर्षांचे, गिरणीत नुकतेच चिकटलेले. तेव्हाचं चाळीत आता दुसरं कोणी उरलेलं नाही, आमचं घरही नंतरचं. फोटो नाही, कागद नाही. पुरावा काय, तर भाऊंचं तोंड!

*

मासिकातून कापलेला सिनेटरचा फोटो भाऊंनी फ्रेम करून लावला, नेमका आपल्या आईवडिलांच्या फोटोंच्या रांगेत. काकींनी, म्हणजे भाऊंच्या बायकोने, दसऱ्याला सगळ्या फोटोंना चंदनाचे हार घातले. ह्यालाही घातला.

भाऊ कामावरून आले ते ओरडतच. "अगो, माणूस जिवंत आहे!"

"मग गेलेल्यांच्या रांगेत कशाला टांगलात?"

हार डब्यात गेला. पुष्कळ वर्षांनी सिनेटर खरंच गेल्याची बातमी पेपरात आतल्या पानावर आली. भाऊ दिवसभर जेवले नाहीत. संध्याकाळी काकींनी मुकाट्याने डबा उघडला, हार घातला आणि म्हणाल्या, "तरी तुम्ही टाकायला निघाला होता. लागला ना उपयोगी!"

*

मग भाऊंनी धरलं, सिनेटरची जयंती करायची! मंडळाची मीटिंग बसली. कांबळे मास्तर आमच्याच चाळीतले, शाळेतून रिटायर. एप्रिलातल्या जयंतीची सगळी तयारी वर्षानुवर्षं त्यांच्या हातात, त्यामुळे जयंतीच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचा.

"भाऊ, हारतुरे सोडा. माणसाचं काम काय ते सांगा."

भाऊ चाळीस मिनिटं बोलले. गव्हापासून सुरू केलं ते शाळेतल्या मुलांच्या जेवणापर्यंत आले. अर्धी मीटिंग पेंगली.

मास्तर म्हणाले, "तीनदा पडला?"

"हो."

"आणि पडल्यावरसुद्धा लोकांच्या दारात जाऊन विचारायचा, जेवलात का?"

"हो."

"मग माइक माझा, फुकट! पडल्यावर दारात येणारा पुढारी आपण तरी कुठे बघितलाय?"

*

जयंतीला भाऊ त्याच माइकवरून सांगत होते, "त्याने गहू पाठवला म्हणून आपण जगलो!"

पहिल्या रांगेत माझ्या सासूबाई. वय ऐंशीच्या पुढे. त्या उभ्या राहिल्या.

"तो लाल गहू ना? चपाती ओढून ओढून माझे पुढचे दोन दात गेले! ते कधी पाठवणार, विचार त्याला!"

टाळ्या भाषणापेक्षा त्यांनाच जास्त पडल्या.

*

आता खरी गोष्ट. दर गणपतीत भाऊंचा सिनेटर एकेक पायरी वर चढायचा. आधी तो रेशनच्या दुकानाजवळ भेटला होता. मग चाळीत आला. मग खोलीत. मग स्टुलावर बसला, चहा प्याला. शेवटी तर त्याने भाऊंचा सल्ला घेतला! ते स्टूल अजून आहे. त्यावर बसायचं नाही, चढायचं नाही. उंच फळीवरचे डबे काकी टाचा उंचावून काढतात, पण स्टुलाला पाय लावत नाहीत.

एका गणपतीत टोळक्यातला कोणीतरी म्हणाला, "पुढच्या वर्षी सिनेटर गोधडी घेऊन झोपेल तुमच्याकडे!"

सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू? भाऊ हसले नाहीत. त्यानंतर त्यांनी ती गोष्ट सांगणंच सोडलं. जयंती बंद केली. भिंतीपलीकडून तीच ती गोष्ट ऐकू येईना, तर मला चुकल्यासारखं व्हायला लागलं.

भाऊ गप्प झाल्याचं त्यांच्या नातीच्या, सईच्या लक्षात आलं. सई परळला ऑफिसात आहे. सिनेटरच्या गावी त्याच्या नावाचं म्युझियम आहे, तिने तिथे गुपचूप ईमेल पाठवला. आणि तिथून बाई निघाली!

*

अर्ध्या बातमीला चाळीने उरलेली अर्धी स्वतःच जोडली. भाऊंना न्यायला येतायत! व्हिसा झाला! कोणी तिकडून बदाम आणायला सांगितले, कोणी घड्याळ. एकजण तर सुटाच्या मापाला टेप घेऊन हजर!

काकी म्हणाल्या, "ह्यांना दादरच्या पुढे नेलं की पोट बिघडतं. अमेरिकेला कुठे नेताय?"

मी खरं काय ते काढायला भाऊंना गॅलरीत गाठलं. ते म्हणाले, "सुलू, न्यायचं राहू दे गो. सिनेटर रोज डायरी लिहायचा. बाई त्या दिवसाच्या पानाची झेरॉक्स घेऊन येतेय. त्यात मी नसलो तर?"

मी त्यांच्या हातावर थोपटून आत आले.

*

बाई आली. साठीची, हसरी, घामाने लाल झालेली. अर्धी चाळ खोलीत, अर्धी दारात. तिने कागद काढला, सई मराठीत सांगायला लागली.

"तो म्हणतो, रेशनच्या दुकानामागच्या चाळीत गेलो."

"आला होता!" भाऊंनी माझ्याकडे बघितलं. "आला होता का नाही?"

"थांबा हो आजोबा. 'एक तरुण माझ्याशी खूप वेळ बोलला. मला एक शब्द कळला नाही. बूट काढायला दारात बसलो, तर त्याची आई माझ्यावर ओरडली. मी ताडकन उठलो. या देशात मला सगळे साहेब साहेब म्हणत होते. ती एकटीच माझ्याशी घरच्यासारखी बोलली.'"

"पुढे? स्टूल? चहा?"

"एवढंच आहे, आजोबा."

काकी उठल्या. "म्हणजे तो स्टुलावर बसलाच नाही? आणि मी इतकी वर्षं टाचा उंचावून डबे काढतेय?" असं म्हणून त्या सगळ्यांदेखत स्टुलावर बसल्या!

भाऊंची मान खाली. बाईने भिंतीवरच्या भाऊंच्या आईच्या फोटोचा फोटो घेतला, म्युझियममध्ये लावायला.

काकी म्हणाल्या, "घ्या! सासूबाई गेल्या अमेरिकेला. व्हिसा नाही, काही नाही!"

कांबळे मास्तर हळूच म्हणाले, "भाऊ, तो तरुण तुम्हीच ना?"

"नाव कुठे आहे त्यात?" भाऊ म्हणाले.

बाई निघाली. दारापाशी गेली, बूट हातात घेतले, आणि घालायला म्हणून थेट उंबऱ्यावर बसली.

"गो बाय! ऊठ आदी! उंबऱ्यार बसतत काय?"

अख्खी चाळ दचकली. भाऊ उभे होते, बोट दाराकडे.

बाई ताडकन उठली. एका पायात बूट, दुसरा हातात. सई अर्थ सांगायला पुढे झाली, तर तिने मान हलवली. नको म्हणाली. बूट खाली ठेवला, पिशवीतून वही-पेन काढलं, आणि भाऊंच्या समोर येऊन उभी राहिली.

"नेम, प्लीज?"

भाऊंनी दाराकडचं बोट खाली घेतलं. "दत्ताराम..."

"वडिलांच्या नावासकट सांगा," काकी स्टुलावरून म्हणाल्या. "आणि सावकाश. तिला लिहू दे!"